नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

रविवारी कोल्हापुरात पंचगंगा घाटावर आमच्या मंडळाच्या बोटीसाठी राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. 2019 च्या महापुरानंतर घेतलेली ही बोट दोन वर्षं ताडपत्रीखाली होती. पेट्रोलची टाकी तळातच बसवलेली, आत 40 लिटर जुनं पेट्रोल. ते बाहेर काढायला मी नळी तोंडानं ओढणार, तेवढ्यात उद्यमनगरच्या एका मिस्त्रीकाकांनी मनगट धरलं. "थांब लेका, फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतंल." त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशीच साचते आणि ठिणगी पडली तर पेटते. मग टाकीत पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याचं झाकण खोलून हातपंपाची नळी थेट टाकीच्या बुडाला टेकवली. पहिली काचेची बाटली उन्हात धरली, तर खाली पाण्याचा थर आणि वर चहाच्या रंगाचं, आंबूस वासाचं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. दोन अनोळखी पोरांनी आळीपाळीनं पंप मारला, सगळं पत्र्याच्या डब्यांत भरलं. नदीत एक थेंब पडू दिला नाही, याचं मोल मला फार वाटतं. काका, तुम्ही चहासुद्धा न घेता गेलात. घाटावर कधीही या, बोट तुमचीच आहे.