काका, नळी आता खाली जात नाही

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

बंदूक चालवायला शिकवलंत त्याबद्दल समोरासमोर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. इथे टेक्सासात माझ्यासारखी आणखी कुणी चाचपडत असेल, तर तिच्याही उपयोगी पडेल.

आमचं घर गावाबाहेर. शेरीफची गाडी यायला वेळ लागतो, आणि हे महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. एच-वन-बीवर होतो तोवर बंदुकीचा प्रश्नच नव्हता. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर ती घेता येत नाही. ग्रीन कार्ड आल्यावर दुकानात गेले, बंदूक खरेदीचा 4473 नंबरचा फॉर्म भरला, तपासणी झाली, आणि विक्रेत्याने "बायकांना हीच बरी" म्हणत एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर हातात दिलं. वजन जेमतेम 400 ग्रॅम. पाच गोळ्या झाडल्या. अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोलवटलं, मनगट दोन दिवस ठणकत होतं. पुढे आठ महिने ते डब्यातून बाहेर काढलं नाही.

तुम्ही ते हातात घेऊन तोललंत आणि म्हणालात, "चूक तुझी नाही गं, वजनाची आहे." मग तीच पॉइंट थ्री एटची (हा गोळीच्या मापाचा आकडा) काडतुसं तुमच्या जुन्या, पोलादी, किलोभराच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडायला लावलीत. गोळी तीच, पण या वेळी कुणी तळहाताला नुसतं ढकलावं इतकाच धक्का. हलकी बंदूक म्हणजे सोपी बंदूक, हा माझा समज तिथेच गेला.

तरी नेम खालीच जात होता. तेव्हा तुम्ही मला पाठ फिरवायला सांगून सहा घरांत काही खरी, काही बनावट काडतुसं भरलीत. बनावट काडतुसावर चाप ओढला, नुसता 'टक' आवाज झाला, आणि नळी आपोआप दोन बोटं खाली गेली! धक्का यायच्या आधीच हात तो दाबायला धावत होता. मला रडू फुटलं. तुम्ही म्हणालात, "हा भित्रेपणा नव्हे. शरीर स्वतःला सांभाळतंय. त्याला हळूहळू समजावायचं." कानात बोळे, वर कान झाकणारे मफ, कारण निम्मी भीती आवाजाची असते. आणि महिनाभर फक्त पॉइंट टू टू, म्हणजे अगदी लहान गोळीची बंदूक, तुम्ही कॉलेजात एनसीसीत शिकलात तशी. घरासाठी मात्र तिच्यावर विसंबू नको, हेही बजावलंत, कारण ती काडतुसं अधूनमधून पेटत नाहीत.

निवड माझ्यावर सोडलीत, याचे आभार सगळ्यांत जास्त. बारा गेजची शॉटगन खांद्याला झेपेना. नाइन एमएम पिस्तुलाचा झटका चालला, पण अंगठ्याच्या दुखऱ्या सांध्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढवेना. शेवटी स्मिथ अँड वेसनची 380 शील्ड ईझेड (पॉइंट थ्री एटी गोळीचं पिस्तूल) घेतली. तिची स्लाइड मी सहज ओढते, आणि मूठ पक्की धरल्याशिवाय गोळी सुटत नाही. पॉइंट थ्री एटी म्हटलं की झटका कमीच, असं समजू नये, हे मात्र तुमच्यामुळे कळलं. खिशात मावणारी त्याच गोळीची पिस्तुलं हाताला चांगलीच झोंबतात.

पण तुमचा पहिला प्रश्न बंदुकीचा नव्हताच. "घरात कोण कुठे झोपतं?" असं विचारून वहीत आमच्या घराचा नकाशा काढायला लावलात. इथल्या भिंती म्हणजे दोन पातळ फळ्या. गोळी आरपार जाते, आणि आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे लेकीचा पलंग. त्या नकाशावर तुम्ही पेन्सिलीने एक रेघ मारलीत. त्या दिशेला गोळी झाडायची नाही, काहीही झालं तरी. मग बोटांनी कळ दाबून उघडायची लोखंडी पेटी आणवलीत आणि ती माझ्याकडून अंधारात वीस वेळा उघडून घेतलीत. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर टेक्सासात गुन्हा आहे, हे मला कुठे ठाऊक होतं? दुकानात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

तो नकाशा अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. शनिवारी अकराला नेमबाजीच्या रेंजवर येते. बनावट काडतुसं या खेपेला ह्यांनाही द्या. ते म्हणतात, त्यांचा हात हलत नाही.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी