रविवारच्या बैठकीची आठवण: हॅरिएट टबमन

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी हॅरिएट टबमन यांच्यावर चर्चा आहे.

१८४९ मध्ये त्या मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून निसटून फिलाडेल्फियाला पोहोचल्या. स्वतः सुटल्यावरही जिवावर उदार होऊन पुन्हा पुन्हा मागे गेल्या, सुमारे ७० जणांना सोडवून आणलं. त्यांत म्हातारे आईवडीलही होते. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत देण्याच्या १८५०च्या कायद्यानंतर गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतल्या राज्यांतही धरपकडीची भीती वाढली, म्हणून अनेकांना थेट कॅनडात नेलं. अमेरिकन यादवी युद्धातली, जून १८६३ मधली साउथ कॅरोलिनातल्या कोंबाही नदीवरची मोहीम आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. टबमन यांनी त्यात उत्तरेच्या सैन्याला वाट दाखवली आणि ७०० हून अधिक माणसं मुक्त झाली! या मोहिमेला जास्त वेळ द्यावा असं मनापासून वाटतं.

कुणाकडे अमेरिकेचा मोठा नकाशा असल्यास आणावा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.