"सहन कर" न म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मला कॉलेजपासून अर्धशिशी. दिवस गेले आणि सुरुवातीच्या महिन्यांत ती इतकी उसळली की पोटात पाणीही ठरेना. घरचे, शेजारचे, मेडिकलवाले, सगळ्यांचं एकच: बाळासाठी सहन कर. तुम्ही मात्र विचारलंत, "आई उपाशी, रात्रभर जागी, उलट्यांनी बेजार. यात बाळाचं काय भलं?" त्या क्षणी मला रडूच आलं.

माझ्या पर्समधल्या सगळ्या स्ट्रिप्स तुम्ही टेबलावर काढायला लावल्यात आणि चष्मा वर सरकवून एकेकीच्या मागची बारीक अक्षरं वाचलीत. अर्गोटामिनची गोळी आधी बाजूला गेली, कारण तिने गर्भाशय आकुंचन पावतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आयबुप्रोफेनही बंद, 20 आठवड्यांनंतर तर मुळीच नाही, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉल ठेवलीत, तीही किती आणि केव्हा हे लिहून देऊन. चौथ्या महिन्यानंतर बऱ्याच जणींचा त्रास उतरतो, असं म्हणाला होतात. माझाही उतरला.

बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन हे हार्मोन झपकन कमी होतं, तसं डोकं पुन्हा ठणकू लागलं. वारा बाधला म्हणून घरच्यांनी कानाला फडकं बांधून शेगडीपाशी बसवलं. तुम्ही फोनवर लगेच अर्धशिशी म्हणून मोकळ्या झाला नाहीत. उठून बसल्यावर वाढतं का? (सिझेरियनला पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, त्यानेही तसं दुखू शकतं.) डोळ्यांपुढे अंधुक होतं का? हातपाय जड वाटतात? बीपी तेव्हाच्या तेव्हा मोजायला लावलंत आणि तपासायला बोलावलंत. बाळंतिणीचं डोकं वाढलेल्या बीपीने किंवा मेंदूच्या शिरेतल्या गुठळीनेही दुखू शकतं, हे घराघरांत माहीत असायला हवं!

सुदैवाने माझी अर्धशिशीच निघाली. सुमाट्रिप्टान दिलीत. दूध काढून फेकावं लागेल, असं कुणीतरी घाबरवलं होतं. तुम्ही म्हणालात, ती दुधात फारच थोडी उतरते, खुशाल पाज. ॲस्पिरिन तेवढी टाळ. लेकीला मांडीवर घेऊन उजेडात बसता आलं, ते तुमच्यामुळे.

माझी नणंद अर्धशिशीसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट घेते आणि आता त्यांना मूल हवंय. दिवस जाण्याआधीच ते औषध बदलायला हवं, हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं. सोमवारी तिला सगळ्या स्ट्रिप्ससकट तुमच्याकडे घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
एक पेशंट