बाळ यायच्या आधी डॉक्टर

कोलंबस, ओहायो
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, चि. चिऊला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बाळाचे डॉक्टर आधीच ठरवल्याचं सांगितलं, तेव्हापासून माझं मन लागत नाहीये. आई, तू चिडून चार शब्द बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. तुझं ते "बरं" मला चांगलं कळतं. म्हणून आज सुट्टीचं लिहायलाच बसले. फोनवर तुझा आवाज ऐकला की निम्मं विसरते आणि उरलेलं घाईत भलतंच बोलून जाते. चिऊ, हे छापून आईच्या हातात दे, मोबाइलवर वाचायला लावू नकोस.

आधी तब्येतीचं. बत्तिसावा आठवडा चालू आहे. साखर ठीक, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन साडेअकरा, पायांवर सूज नाही. गेल्या आठवड्यात इथे भरपूर बर्फ पडलं, पण मी एक पाऊलही बर्फात टाकलं नाही, तुमचे जावई गाडी अगदी दाराशी आणून लावतात. रात्रीचा भात सोडलेला नाही. बाळ फिरतंय, जेवल्यावर तर फार.

आता मुद्द्याचं. ते "बरं" म्हणायच्या आधी तू एवढंच विचारलंस, "पोटातलं पोर अजून जगात आलं नाही आणि तुम्ही त्याच्या आजारपणाचा डॉक्टर ठरवून बसलात?" आई, मला ते लागलं. कारण तुझ्यासारखंच मीही आधी तेच म्हणाले होते. आपल्याकडे बाळ हातात आल्याशिवाय झबलंसुद्धा शिवत नाहीत, हे मी विसरलेली नाही. अजून आम्ही पाळणा आणलेला नाही, एक कपडा घेतलेला नाही. गाडीतली बाळाची खुर्ची तेवढी घ्यावी लागली, कारण तिच्याशिवाय बाळाला गाडीतून घरी आणताच येत नाही, तसा कायदा आहे. तिचं खोकंसुद्धा मैत्रिणीच्या घरी ठेवलंय, आपल्या उंबऱ्याच्या आत आणलेलं नाही. तेव्हा मी सगळं सोडलं असं मनात आणू नकोस.

पण डॉक्टरांचं वेगळं आहे. नीट समजावून सांगते, बाबांनाही वाचून दाखव.

इथे आईची डॉक्टर आणि बाळाचे डॉक्टर यांचा एकमेकांशी संबंध नसतो. आपल्या मिरजेत कसं, बाळंतपणाच्या दवाखान्यातच बालरोगतज्ज्ञ येऊन बाळ बघून जातात, ते कोण हे आपण विचारतही नाही. इथल्या हॉस्पिटलात नाव नोंदवायला गेलो तेव्हा फॉर्मवर एक रकाना होता, बाळाचे डॉक्टर कोण? तो रिकामा ठेवला तर दोनदा फोन आला. कारण असं की सरळ बाळंतपण झालं तर इथे दोन दिवसांतच घरी सोडतात. आणि बाळाची कावीळ वाढते ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे आपण घरी आल्यावर. पहिल्या दिवसांत बाळाचं वजनही थोडं उतरतं, ते किती उतरलं आणि दूध पुरतंय का, हेही कुणीतरी बघायला हवं. म्हणून घरी आल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांकडे न्यायचंच असतं. त्या वेळी नव्याने शोधायला लागलो तर? मी बाळंतीण, तू नुकती आलेली, बाहेर गोठवणारी थंडी. कोवळ्या उन्हात बाळ धरायचं तू म्हणतेस, पण मार्चमध्ये इथे तसं ऊन कुठलं! आणि कावीळ उन्हावर सोडायची नाही, रक्त तपासूनच ठरवायचं, असं आम्ही ठरवलेल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं.

म्हणून इथे शेवटच्या तीन महिन्यांत डॉक्टरांना आधीच भेटून यायची रीत आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही इथल्या बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना, तीच तसं सांगते. लोक याला 'मीट अँड ग्रीट' म्हणतात. मला हे पहिल्यांदा इतकं अवघड गेलं! डॉक्टरांपुढे बसायचं आणि आपणच त्यांना विचारायचं, तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं झाली, रात्री फोन कोण घेतं, सुट्टीवर गेलात तर बाळ कोण बघतं. आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारलं तर उद्धटपणा वाटेल. इथे मात्र विचारलं नाही तर त्यांनाच नवल वाटतं. आणि पैसे उधळतोय असं बाबांना वाटलं असेल, तर तसं नाही, आम्ही गेलो त्या दोन्ही ठिकाणी या भेटीचे पैसे घेतले नाहीत. नुसती ओळख करून घ्यायची आणि घरी येऊन ठरवायचं.

तीन दवाखाने निवडले होते. पहिला विम्याच्या यादीत होता, फोन केला तर म्हणाले नवीन मुलं घेणं बंद आहे. दुसऱ्या ठिकाणी गेलो. भिंतीवर मासे, खेळणी, सगळं छान. पण डॉक्टर दारातच उभे राहून बोलले, आणि मी वहीतला दुसरा प्रश्न काढेपर्यंत निघूनही गेले. चांगले असतीलही. मला घरी येईपर्यंत रडू येत राहिलं. तुमचे जावई म्हणाले, अजून एक बघू.

आई, तेव्हा मला आपले डॉक्टरकाका आठवत होते. चिऊला तापात झटका आला होता ती रात्र तुला आठवते ना? मी नऊ वर्षांची होते. बाबा कोल्हापूरला गेलेले. तू तिला पदरात गुंडाळून अनवाणी धावलीस आणि मी मागे मागे टॉर्च घेऊन. डॉक्टरकाकांनी बनियनवरच दार उघडलं आणि आधी तुला बसायला सांगितलं. चिऊला कुशीवर निजवलं, आणि म्हणाले, "वहिनी, घाबरू नका, मी आहे." ते वाक्य माझ्या कानात अजून आहे. त्यांना आपण निवडलं नव्हतं, ते आपल्या गल्लीत होतेच. इथे गल्लीत कुणी नाही. मग जो रात्री दार उघडेल तो आधीच जाऊन शोधायला नको का? मी अशुभ चिंतत नव्हते गं. त्या रात्री तू जशी धावलीस, तशी मला धावायची वेळ आली तर कुठे धावायचं, एवढंच बघत होते.

तिसऱ्या डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या आहेत. घरापासून आठ मिनिटांवर. आजारी मुलांना बसायला वेगळी खोली आणि नुसत्या तपासणीला आलेल्यांना वेगळी, हे मला फार आवडलं. चौघं डॉक्टर मिळून दवाखाना चालवतात, रात्री त्यांच्यापैकी एक जण आळीपाळीने फोनवर असतो. शनिवारी सकाळीही उघडा असतो. काही मोठं निघालंच, तर कोलंबसमध्ये मुलांचं खूप मोठं हॉस्पिटल आहे, नेशनवाइड चिल्ड्रन्स, लांबून लांबून लोक तिथे येतात. तेव्हा मिरजेसारखंच समजा, डॉक्टरांच्याच गावात आहोत.

फॉर्मवर बाळाच्या नावाच्या जागी त्यांनी नुसतं 'बेबी' लिहिलं आणि पुढे आमचं आडनाव. मुलगा की मुलगी विचारलं. इथे सोनोग्राफीत सांगतात, पण आम्ही सांगू नका असंच सांगून ठेवलंय. आई, खरंच आम्हाला माहीत नाही. तू दर वेळी आडून आडून विचारतेस, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मग बाईंनी मलाच विचारलं, "घरात मदतीला कोण आहे?" मी म्हटलं, माझी आई येणार आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग तुझ्या आईला काय काय करायचं असेल ते मला आत्ताच सांग." मी सगळं सांगितलं. तेल लावणं, शेक, धुरी, बाळगुटी, काजळ. त्या हसल्या नाहीत, एकेक लिहून घेतलं. तेल लावायला काही हरकत नाही म्हणाल्या. धुरी नको, बाळाच्या छातीला धूर नको. आणि आई, बाळगुटी नको म्हणाल्या. मध तर एक वर्षापर्यंत थेंबभरही नाही, त्यातल्या एका जंतूने तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं, ते बाळाच्या अंगात गेलं तर मेंदूला वाईट. घरी धरलेलं काजळ तरी चालेल का, मी विचारलं. नको म्हणाल्या. मी काही बोलले नाही. तुला आत्ताच सांगते, म्हणजे इथे आल्यावर मी तुला अडवते असं तुला वाटणार नाही. तीट लाव, कपाळावर नको, तळपायाला लाव. तेवढं मी विचारून ठेवलंय.

बाळाला उताणंच झोपवायचं, त्याच्या वेगळ्या बिछान्यात, उशी नाही, गोधडी नाही. अंगावरच्या दुधाबरोबर रोज 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब. आणि पहिल्या तीन महिन्यांत ताप १००.४ झाला की कुठलंही औषध न देता लगेच फोन, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. बीसीजी इथे सगळ्यांना देत नाहीत, म्हणजे तुमच्या-माझ्या दंडावर आहे तसा व्रण बाळाच्या दंडावर नसेल. का कोण जाणे, मला त्याचंच वाईट वाटलं.

एक काम तुझ्यासाठी. बाळाला हाताळणाऱ्या सगळ्यांनी डांग्या खोकल्याचं इंजेक्शन घ्यायला हवं. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला, तिन्हींचं मिळून एक येतं, टीडॅप म्हणतात. माझं तिसाव्या आठवड्यात झालं. तू फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आत घे, निघायच्या आधी दोन आठवडे तरी झालेले हवेत. डॉक्टरकाकांच्या मुलाला विचार, तो मागवून देईल. तुझं वय झालं म्हणून किंवा तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तुमच्या जावयांनीही घेतलंय.

मी इथे एकटी आहे असं आत्याला सांगू नकोस. डोहाळजेवण मैत्रिणींनी केलं, फोटो पाहिलेसच. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही हे तुझ्या मनातून जात नाही, ते मला कळतं. मलाही फार वाटतं. पण दोघांच्याही पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, एकदा बाहेर पडलो आणि मुंबईत वकिलातीची तारीख मिळाली नाही, तर नोकरी जाईल.

आणि त्याच कारणाने चिऊचं. हे शेवटपर्यंत लांबवलं. मे महिन्यात तिच्या लग्नाच्या मुहूर्ताला मी येऊ शकणार नाही. बाळ तेव्हा दोन महिन्यांचं असेल. चिऊ, तुझ्या मागे कऱ्हा घेऊन मी उभी राहणार हे आपलं लहानपणापासून ठरलं होतं. मावशीच्या मुलीला उभी कर. मुहूर्ताच्या वेळी फोन चालू ठेव, इथे पहाट असेल, मी जागीच असेन. आणि आई, तुला सव्वा महिना होतो न होतो तोच, २० एप्रिलला, परत जावं लागतंय, दोन्ही मुलींमध्ये तुझी ओढाताण माझ्यामुळेच झाली. बाबांना एकट्याने कार्यालय, आचारी, बस्ता सगळं बघावं लागणार. बाबा, मला माफ करा.

पाच लाख म्हटलं होतं. आत्ता साडेतीन पाठवते, सोमवारी खात्यात जमा होतील. नवं वर्ष लागलं की विम्यातला आपला वाटा पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो, त्यात हे बाळंतपण. उरलेले दीड एप्रिलपर्यंत नक्की पाठवते. कार्यालयाचा ॲडव्हान्स यातून द्या, बाबा, ठेव मोडू नका. बाळाच्या नेहमीच्या तपासण्या आणि लशी विम्यात पूर्ण बसतात, त्याचा खर्च नाही, ती काळजी करू नका.

दिवाळीपर्यंत शिक्क्याचं जमलं तर तिघंही येऊ. तेव्हा बाळ सात महिन्यांचं असेल. प्रवासाआधी गोवराचं इंजेक्शन लवकर द्यावं लागेल, तेही बाईंनी आत्ताच लिहून ठेवलंय. उष्टावण घरीच करू.

येताना आळिवाचे लाडू आण, डिंकाचे मी इथे करून घेईन. आणि तुझी ती जुनी निळी सुती साडी, दुपट्यांसाठी. आत्ता फाडू नकोस, शिवू नकोस. तशीच घडी घालून आण. बाळ झालं की आपण दोघी मिळून शिवू.

तुमची,
ताई