जुनी गाडी घेताना रंगाची मागची बाजू बघा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले गाडीचे फोटो नीट पाहिले. रंग चकचकीत आहे, टायर काळेभोर आहेत, सीटला नवी कव्हरं आहेत. यातल्या एकाही गोष्टीवरून गाडी चांगली आहे की नाही ते ठरत नाही. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी हे पत्र पूर्ण वाचा आणि गाडी बघायला जाताना बरोबर घेऊन जा.

इंजिन बिघडलं तर उघडून दुरुस्त करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. बॉडी सडली की मात्र गाडीचा पायाच गेला. आजच्या बहुतेक मोटारींना खाली वेगळी चेसिस, म्हणजे भार पेलणारा लोखंडी सांगाडा, नसतो. पातळ पत्रा दुमडून, एकावर एक जोडून पोकळ पेट्या केलेल्या असतात आणि त्या पेट्याच सगळा भार पेलतात. शॉकअप (चाकांचे धक्के शोषणारे दांडे), स्टिअरिंग, सीटबेल्ट हे सगळं त्याच पत्र्याला धरून असतं. बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे गंजाला आरपार जायला फार अंतर कापावं लागत नाही.

आता मुद्द्याचं. कारखान्यात कोरी बॉडी अख्खीच्या अख्खी प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, टाकीत बुडवतात आणि वीज सोडून तो प्रायमर पत्र्यावर चढवतात. याला ई-कोट म्हणतात. त्यामुळे पोकळ पेट्यांच्या आतूनही थर बसतो. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर त्याखाली जस्ताचा थरही असतो. पुढे कधी गाडी ठोकली किंवा सडली आणि पत्रा कापून नवा जोडला, की वेल्डिंगच्या आचेने मागच्या बाजूचं जस्तही जळतं आणि प्रायमरही. डेंटिंगवाला बाहेरून घासतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. आतली जळकी बाजू उघडीच राहते. चांगला कारागीर पेटीच्या भोकांतून नळी घालून आत मेणाचा फवारा मारतो, घाईचा कारागीर ते टाळतो. गंज आतून बाहेर येतो आणि दुरुस्ती बाहेरून झालेली असते, एवढं धरून ठेवलंत तर कुठे बघायचं ते आपोआप कळेल.

रंगावरचा फोड बघायला शिका. दगड उडून टवका गेला असेल तर मध्ये लालसर ठिपका दिसतो आणि कडेचा रंग घट्ट बसलेला असतो. तो गंज बाहेरचा, त्याची फार काळजी नको. पण रंग न फुटता आतून वर आला असेल, बोट फिरवल्यावर खरखरीत उंचवटा लागत असेल, तर तो मागून आलेला आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. शर्टाच्या बटणाएवढा फोड दिसला तर मागे तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो.

सुरुवात दारापासून करा. दार पूर्ण उघडा आणि खालच्या कडेखाली, जमिनीकडच्या बाजूला, बोट फिरवा. तिथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो आणि कडेला २-३ छोटी भोकं असतात. काचेवरून दारात उतरणारं पाणी त्या भोकांतून बाहेर पडायला हवं. भोकं मातीने, किंवा दुरुस्तीच्या वेळी फासलेल्या सीलंटने बुजली असतील तर पाणी आत साठतं आणि दुमडीचे पापुद्रे सुटायला लागतात. बोटाला दुमड सरळ आणि टोकदार लागली तर उत्तम. जाडसर, गोलसर, लाटेसारखी लागली तर तिथे पुट्टी आहे. चारही दारांना आणि डिकीच्या झाकणाला असंच करा. एका दाराची कड वेगळी लागली तर ते दार बदललेलं किंवा ठोकून सरळ केलेलं आहे.

मग दाराखालचा लांब पोकळ भाग, ज्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात. बाबा, इथे घाई करू नका. हा भाग बाहेरचा पत्रा, मधला आधार आणि आतला पत्रा असा थरांचा असतो आणि गाडीचा कणा म्हणावा इतका महत्त्वाचा असतो. चाकांनी उडवलेला चिखल त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला साचतो, म्हणून सडायला सुरुवात बहुधा टोकांकडून होते. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने पुढून मागेपर्यंत हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. मध्येच आवाज बसका झाला, थप असा आला, तर तिथे पुट्टी, फायबरची चादर किंवा भरलेला फोम असतो. सडलेल्या भागात जाळी कोंबून वर पुट्टी लिंपलेलीही सापडते. दुसरी वाईट रीत म्हणजे सडलेला पत्रा न कापता त्यावरच नवी पट्टी ठोकून देणं. आतला गंज तसाच राहतो, दोन पत्र्यांच्या मध्ये ओल धरतो आणि नवी पट्टीही खातो. असं काम बाहेरून दिसायला सगळ्यात छान असतं, म्हणूनच ते घातक.

लोहचुंबक बरोबर न्या, पण फ्रिजवर चिकटवतात तसला पातळ आणि मऊ. जोरकस चुंबक पुट्टीच्या थरातूनही पत्रा धरून ठेवतो आणि फसवतो. रंगाला चरा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळा. चाकावरची कमान, दारांचा खालचा वीतभर भाग, मागच्या चाकापुढचा कोपरा या ठिकाणी तो चिकटायलाच हवा. बंपर प्लास्टिकचा असतो, काही गाड्यांचे फेंडरही प्लास्टिकचे आणि बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं, तिथे चिकटणार नाहीच. म्हणून डावी-उजवी बाजू ताडून बघा. डावीकडे धरतो आणि उजवीकडे घसरतो, असं झालं की उत्तर मिळालं.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र कुणाकडून मिळालं तर फारच बरं. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो. २०० ते ३५० दिसलं तर दुसरा हात मारलाय. त्याच्याही पुढे, ५०० ते १००० किंवा अधिक दिसलं, तर खाली पुट्टी आहे. नुसता दुसरा हात म्हणजे वाईट गाडी असं नव्हे, ओरखडे गेले तरी लोक रंगवतात. पण छताच्या खांबांवर किंवा छतावर जाड आकडा आला तर ती गाडी सोडून द्या.

आई, गाडीच्या आतलं काम तुझं. तुझ्या नाकाला ओल लवकर कळते. दार उघडल्याबरोबर, एसी लावायच्या आधी, वास घे. कुबट वास, किंवा तो दाबायला मारलेला उग्र सुगंध, दोन्ही सारखेच. मग पुढच्या दोन्ही बाजूंचे फूटमॅट काढ आणि त्याखालच्या गालिच्यावर हात दाबून धर. वरून कोरडा असेल, पण खालचा जाड नमदा ओला राहू शकतो, म्हणून दाराकडची कड उचलून आत बोटं घाल. पाणी इथे बहुधा पुढच्या काचेखालच्या पन्हाळीतून येतं. तिथे पाला अडकला की निचरा बंद होतो आणि पाणी पायाशी उतरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडीत कधीतरी पाणी शिरलं होतं. सीटखालच्या रुळांवर, बोल्टवर गंज आणि कोपऱ्यात बारीक गाळ असेल तर खात्रीच झाली. पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वच्छ केली तरी वायरिंगचे जोड आतून हिरवे पडत जातात आणि बिघाड महिन्यामहिन्याने एकेक करून डोकं वर काढतात. तशी गाडी नकोच.

डिकीतली स्टेपनी आणि खालची चादर काढायला सांगा. खड्ड्याच्या तळाशी पाणी, गंज किंवा सुरकुत्या आहेत का बघा. मागून ठोकर बसलेल्या गाडीचा तळ ठोकून सरळ केला तरी सुरकुती पूर्ण जात नाही. मग दारांच्या चौकटीवरचं रबर थोडं ओढा. खाली पत्रे जोडणारे वेल्डिंगचे गोल टाके दिसतील, सारख्या अंतरावर, किंचित खोलगट. एका बाजूला ते असतील आणि दुसऱ्या बाजूला सपाट घासलेलं किंवा ओबडधोबड थेंबांसारखं वेल्डिंग असेल, तर ती बाजू कापून बसवलेली आहे. सगळ्या काचांवरच्या खुणा वाचा, त्यात बहुधा उत्पादनाचं वर्ष कळतं. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर का बदलली ते विचारा.

बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या वरच्या टोपीभोवतीचा पत्रा, बॅटरीखालचा ट्रे आणि बॉनेटच्या बिजागरांचे बोल्ट बघा. बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर तो खोलला गेलाय. बॅटरीतून सांडलेलं आम्ल ट्रे खातं आणि तिथून खालच्या पेटीत उतरतं. इंजिनचं थोडक्यात सांगते. गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. नुकतंच धुतलेलं चकाचक इंजिन गळती लपवतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर कुणीतरी त्याची जोडणी काढली असेल, आणि आत एअरबॅग असेलच असं धरता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं बघणं खालून. बाबा, तुमचे गुडघे आणि पाठ लक्षात घेता तुम्ही गाडीखाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर कुणीच जायचं नसतं. लिफ्ट किंवा खड्डा असलेल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्या आणि मेकॅनिकला टॉर्च घेऊन तुमच्यासमोर दाखवायला सांगा. मागच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकं बॉडीला जोडणाऱ्या भागांचे, जोड जिथे बॉडीला मिळतात ती जागा, जॅक लावायच्या चारही जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि पेट्रोलच्या टाकीचे पट्टे एवढं नक्की बघा. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगच्या जोडापासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. तोच नियम तुम्ही लावा. त्या टापूत पट्टी मारलेली असेल तर कडेने सलग वेल्डिंग हवं. रिव्हेट, स्क्रू किंवा नुसते चार टाके चालत नाहीत.

खालून नवाकोरा काळा, डांबरासारखा थर मारलेला दिसला तर जास्त सावध व्हा. जुन्या गाडीला विकायच्या तोंडावर असा थर द्यायचं बहुधा एकच कारण असतं. वाळलेला थर गंजावरून सुटतो आणि त्यात ओल अडकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर त्याचे पापुद्रे पडतात का ते मेकॅनिकला बघायला सांगा. ठोकण्याआधी मालकाची परवानगी घ्या. परवानगी नाकारली तर तेही एक उत्तरच आहे.

उगाच घाबरायचं कुठे नाही, तेही सांगते. सायलेन्सर, सस्पेन्शनचे जाड ओतीव भाग, पावसानंतर ब्रेकच्या डिस्क या सगळ्यांवर तांबूस पूड असतेच. नखाने खरवडल्यावर खाली टणक धातू लागला तर तो वरवरचा गंज. थर पापुद्र्याने सुटत असेल, किंवा अंगठा दाबल्यावर पत्रा दबून कुरकुरत असेल, तर तो जिवावरचा. दारात किंवा डिकीच्या झाकणात भोक असेल तर झाकण बदलता येतं, भाव पाडून विचार करता येईल. रनिंग बोर्ड, खांब, शॉकअपची टोपी, सस्पेन्शनचे जोड यांत भोक असेल तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

वेगळी चेसिस असलेली दणकट गाडी घेऊ, असं तुम्ही म्हणालात. त्यांचंही खालून बघावंच लागतं. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वॉया गाड्यांच्या चेसिस आतून गंजून भोकं पडत असल्याचा दावा होता आणि २०१६ साली कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी तडजोड केली. चेसिसची पोकळ पेटी आतून सडताना वरची बॉडी छान दिसू शकते.

गाडी दिवसा बघा, कोरडी बघा. ओल्या गाडीवर ओरखडे आणि रंगातला फरक दोन्ही लपतात. नुकतीच धुऊन ठेवली असेल तर वाळेपर्यंत थांबा.

मला हे फोटो पाठवा: चारही दारांच्या खालच्या कडा, दोन्ही रनिंग बोर्डांची चारही टोकं, स्टेपनीचा रिकामा खड्डा, गालिच्याखालचा पत्रा, शॉकअपच्या दोन्ही टोप्या आणि लिफ्टवरून खालचे किमान दहा. फोन वाकून धरू नका, सेल्फीच्या काठीला लावून व्हिडिओ चालू ठेवा आणि काठी गाडीखाली हळू सरकवा. ते पाहून मी फोन करेपर्यंत पैसे देऊ नका आणि कशावरही सही करू नका.

तुमची लेक