सुनी, नळ घेण्याआधी एवढं वाच

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुनी,

तू काल पाठवलेले तिन्ही नळांचे फोटो बघितले. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "मधला छान दिसतोय" लिहून मोकळी झाले असते, पण काकूंसाठी बाथरूम करतेयस म्हणलीस आणि मला दोन वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं, राहवलं नाही, म्हणून बसले टाईप करायला. लांबलं तर लांबू दे. चहा घेऊन बस आणि वाच.

आधी बाबांचं सांगते. ते लातूरहून माझ्याकडे राहायला आले तेव्हा आमच्या बेसिनला तो जुना गोल मुठीचा नळ होता, फिरवत फिरवत बंद करायचा. त्यांच्या बोटांचे सांधे तेव्हापासूनच सुजलेले असायचे. नळ नीट बंद व्हायचा नाही, टपटप चालूच, आणि मी रोज सकाळी "बाबा, नळ!" म्हणून ओरडायचे. एक दिवस दार अर्धवट उघडं होतं आणि मी बघितलं, बाबांनी खांद्यावरचा टॉवेल त्या मुठीभोवती गुंडाळला होता आणि दोन्ही हातांनी, दात आवळून, ते नळ पिळत होते. मला बघितलं आणि पटकन टॉवेल खांद्यावर टाकला, जसं काही झालंच नाही. सुनी, मला इतकं वाईट वाटलं ना, अजून वाटतं. मी चार महिने त्यांच्यावर ओरडत होते आणि चूक त्या नळाची होती.

त्याच रात्री मी अकरा वाजता नळाखाली तीन लिटरचं पातेलं ठेवलं, सकाळी सहाला काठोकाठ भरलं होतं. सात तासांत तीन म्हणजे दिवसाला दहा लिटर गं, महिन्याला तीनशे. आपण लातूरच्या पोरी, आपल्याला हे बघवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, ५ लाख लिटर, आणि आपल्या गल्लीतली म्हातारी माणसं रडली होती, आठवतं ना? त्या गावच्या माणसाच्या हातून नळ गळतो आणि त्याला तो बंद करता येत नाही, हे बाबांना किती लागत असेल ते मला तेव्हा कळलं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, नळ घेताना आधी काकूंचे हात बघ. तुझ्या फोटोतला पहिला, तो क्रोमचा गुळगुळीत गोल मुठीचा, तो आधी बाद कर. ओल्या, साबण लागलेल्या हातात ती मूठ सटकते. लांब दांडी असलेला, पाव फेऱ्यात उघडणारा पिलर कॉक, म्हणजे बेसिनवर उभा बसतो तो नळ बघ, दुकानात क्वार्टर टर्न म्हणून माग. दवाखान्यात डॉक्टर कोपराने बंद करतात तो नळ बघितलायस ना, तेवढी लांब दांडी नको पण तत्त्व तेच, बोटांची पकड लागत नाही, मनगटाने किंवा हाताच्या पाठीने ढकललं तरी बंद होतो. आणि शक्य असेल तर काकूंनाच दुकानात घेऊन जा. डिस्प्लेवरचा नळ त्यांना स्वतःच्या हाताने पाच वेळा उघड-बंद करायला लाव.

हा पाव फेऱ्याचा नळ गळत का नाही तेही सांगते. जुन्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर असतो, तो खाली दाबून पाणी अडवायचं, मग थोडं गळायला लागलं की आपण अजून जोरात पिळतो, वायसर अजून कापला जातो, आणि अजून गळतं. नव्यात आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, आरशासारख्या गुळगुळीत घासलेल्या, एक जागेवर आणि एक फिरणारी. दोघींची भोकं समोरासमोर आली की पाणी, सरकली की बंद. जोर लावायचा प्रश्नच नाही. या चकत्यांना एकच शत्रू, वाळूचा कण. त्यावर पुढे बोलते कारण आमच्याकडे तिथेच घोळ झाला.

आता तुझा आवडता, मधला, तो उंच काळा धबधब्याचा. दिसायला सुंदर आहे, मान्य. पण तुमचं घर एकमजली, टाकी स्लॅबवर स्टँड करून ठेवलेली. हिशोब कर, पाण्याची उंची दहा मीटर असली तर साधारण एक बार (बार हे प्रेशरचं माप) प्रेशर मिळतं. तुमची टाकी बेसिनच्या नळापासून वर किती, जास्तीत जास्त साडेतीन मीटर? म्हणजे एक बारचा तिसरा हिस्सा, तोही पाईपात एकही कोपरा नाही असं धरून. आणि बरेचसे भारीतले डिझायनर नळ निदान अर्धा-एक बार धरूनच बनवलेले असतात. मग धबधबा कसला, ओठावरून पाणी ओघळून खाली येतं. शोरूममध्ये मात्र पंप लावलेला असतो त्यामुळे तिथे सगळेच नळ भन्नाट चालतात, त्याला भुलू नकोस. दुकानदाराला सरळ विचार, हा कमीत कमी किती प्रेशरवर चालतो, बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं. आणि जायच्या आधी घरी एक काम कर, जुना नळ काढल्यावर त्या पॉईंटखाली एक लिटरचा जग धर आणि मोबाईलवर सेकंद मोज. दहा सेकंदांत भरला तर मिनिटाला सहा लिटर, बेसिनला भरपूर झालं. वीस-पंचवीस सेकंद लागले तर नळ बदलून काही होणार नाही, आधी पाईपलाईन बघावी लागेल, आत क्षार साचून भोक बारीक झालेलं असू शकतं.

काळ्या रंगाबद्दल अजून एक. तुमचं बोअरचं पाणी, बादलीला पांढरी पुटं चढतात. काळ्या मॅट नळावर तो प्रत्येक थेंब वाळून पांढरा डाग पडणार आणि तू रोज पुसत बसणार. साधा क्रोम घे, त्यावर डाग कमी दिसतात.

बॉडीचं बघ. पितळी पाहिजे. वरून सगळे चकचकीतच दिसतात म्हणून नळ उलटा कर आणि खाली आट्यांच्या आतल्या बाजूला, जिथे प्लेटिंग पोचलेलं नसतं तिथे बघ, पिवळसर दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचा भरीव ओतीव माल. हातात घेतल्यावर वजनातही फरक कळतो, पण दांडीच जड करून ठेवतात कधीकधी म्हणून मी आट्यांवर जास्त विश्वास ठेवते. जस्ताचे आटे खाऱ्या पाण्यात कुरतडले जातात आणि एक दिवस नट फिरवताना हातात येतात. तांब्याच्या मिश्रधातूच्या असल्या नळांसाठी आयएस ८९३१ हे भारतीय मानक आहे, आयएसआय मार्कासोबत तो नंबर शोध. जॅक्वार, सेरा, हिंडवेअर, पॅरीवेअर, जे घेशील ते घे, पण त्याचं कार्ट्रिज म्हणजे ती चकत्यांची डबी लातुरात मिळते का, हे आधी विचारून ठेव. पाच वर्षांनी अडीचशे-तीनशेच्या डबीसाठी आख्खा नळ फेकावा लागला तर जीव जळतो.

मापं राहिली. बेसिनचं होल बहुतेक ३५ मिलिमीटरच्या आसपास असतं, तरी पट्टी लावून बघ. आणि नळाचं तोंड पुढे किती येतं ते फार महत्त्वाचं, लोक हे बघतच नाहीत. तोंड आखूड असलं की हात धुताना बोटं बेसिनच्या मागच्या भिंतीला घासतात. पाणी साधारण खालच्या जाळीच्या आसपास पडलं पाहिजे. फार उंच नळ आणि उथळ बेसिन अशी जोडी केलीस तर पोटावर साडी भिजलीच म्हणून समज, आणि फरशी ओली म्हणजे काकू घसरायची भीती, ते तर अजिबातच नको.

मिक्सर, म्हणजे गार-गरम एकाच तोंडातून देणारा नळ, घेऊ का म्हणून विचारलंयस. थंडीत काकूंना कोमट पाणी बरं पडेल, घे, पण गार आणि गरम दोन्ही लाईन त्याच वरच्या टाकीवरून आल्या पाहिजेत. एक लाईन पंपावर आणि एक टाकीवर असली की जोराचं पाणी दुसऱ्याला मागे ढकलतं आणि गरम येतच नाही. गरम डावीकडे.

आता फिटिंग. यावेळी तू स्वतः तिथे उभी राहा, मी नव्हते. माझं ऑफिस होतं, माणूस आला, अर्ध्या तासात बसवून गेला. आठ दिवसांत पाणी करंगळीएवढं यायला लागलं. दुसऱ्या प्लंबरकाकांनी नळाच्या तोंडाची जाळी काढून माझ्या तळहातावर उलटी केली, त्यात सिमेंटचे खडे, सीपीव्हीसीच्या म्हणजे प्लास्टिक पाईपचे पांढरे तुकडे आणि टेफ्लॉन टेपची एक गुंडाळी. पहिल्याने लाईन न धुताच नळ जोडला होता. आणि त्याने कनेक्शन पाईपचा, म्हणजे खालून नळाला पाणी आणणाऱ्या लवचिक नळीचा, नट पान्याने इतका आवळला होता की आत वायसर चिरला होता, कपाटातली फळी फुगली तेव्हा कळलं.

म्हणून सांगते. आधी वरचा वॉल्व्ह बंद. जुना अँगल कॉकही, म्हणजे बेसिनखाली भिंतीवरचा तो छोटा कॉक, याच वेळी बदल, तो दहा वर्षांचा झालाय, नवा नळ आणि खाली जुना कॉक याला अर्थ नाही. अँगल कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून, आठ-दहा वेढे, ताणून. उलटा गुंडाळला तर घट्ट करताना तो उसवत जातो. मग नळ जोडायच्या आधी अँगल कॉक उघडून बादलीत पाणी सोड, अर्धी बादली जाऊ दे, गढूळ येईल ते येऊ दे, त्याच पाण्याने अंगण धू. मग नळ होलमध्ये, खाली रबर, मग नळ खालून आवळणारा चेकनट, आणि कोणीतरी वरून नळ सरळ धरायचा, नाहीतर आवळताना तो तिरका होतो. कनेक्शन पाईपच्या नटला टेप लावायचा नाही, त्याच्या आत रबर असतं, तेच पाणी अडवतं. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. बास.

शेवटी पाणी सुरू करून प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरव. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर दिसतो. प्लंबरला पैसे द्यायच्या आधी हे कर, आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा.

आणि नळाच्या तोंडाची ती जाळी महिना-दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेव, क्षार सुटतो. कामवाल्या ताईंना सांगून ठेव, बेसिनच्या नळाला ॲसिड अजिबात लावायचं नाही, क्रोम जातं आणि एकदा गेलं की परत येत नाही.

आमच्याकडे दांडीचा नळ बसला त्या संध्याकाळी बाबा उगाचच तीनदा हात धुवून आले. तिसऱ्या वेळी मी किचनमधून ऐकलं, पाणी चालू झालं आणि टक करून बंद. मग बाहेर येऊन म्हणाले, "पोरी, केवढ्याला पडला?" मी दोन हजार तीनशे म्हणलं तर म्हणाले महाग आहे, पण टॉवेल मात्र त्या दिवसापासून खांद्यावरच राहिला.

तर तुझ्या तिसऱ्या फोटोतला, तो लांब दांडीचा क्रोमचा, मला त्यातल्या त्यात बरा वाटतोय, पण तोंड आखूड दिसतंय. त्याचं माप आणि बेसिनचा पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठव, आणि तो जगाचा सेकंदांचा हिशोबही कळव. मंगळवारी मला सुट्टी आहे, दुकानात जाशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, आट्यांची आतली बाजू कॅमेऱ्यापुढे धर, आपण दोघी मिळून बघू.

काकूंना नमस्कार सांग, पिल्लूला पापा.

तुझीच,
मंजू