रेड अलर्ट आला, पुढे काय करायचे?

संपादक महोदय,

हवामान खात्याच्या रंगसंकेतांत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. ती कृती कोणती, हे मात्र मोबाईलवर येणाऱ्या संदेशांत क्वचितच असते. त्यामुळे आमच्या घरी लाल रंगाचा अर्थ 'आज शाळेला सुट्टी' एवढाच उरला आहे.

गेल्या पावसाळ्यात मी गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात किराणा घेत असताना सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. दुकानदाराने संदेश वाचून समोरच्या कापडवाल्याकडे पाहिले, त्याने शेजारच्याकडे, आणि तिथे गिऱ्हाईक चालू दिसताच सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागले. तिकडे वाळवंटी नदी चढत होती. अर्ध्या तासाने एका वयस्क दुकानदाराने, कोणाशी काही न बोलता, तांदळाची पोती माळ्यावर चढवायला घेतली, आणि पाच मिनिटांत साऱ्या रांगेत तेच सुरू झाले.

याला बेफिकिरी म्हणून मोकळे होता येणार नाही. बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोलीत धूर सोडला, तेव्हा एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के जणांनी बाहेर येऊन तो कळवला. शेजारी दोन माणसे (अर्थात शिकवून बसवलेली) निवांत असली, तर केवळ 10 टक्के जणांनी. लोक घाबरतील म्हणून इशारा मोघम ठेवण्याची प्रशासकीय सवय त्यामुळेच चुकीची वाटते, कारण घबराटीपेक्षा ही वाट पाहणेच अधिक नडते.

23 जुलै 2021 रोजी सत्तरी, डिचोली भागांत पूर आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. भरती असली की नदीचे पाणी लवकर ओसरत नाही, हे काठावरच्या जाणत्यांना सांगावे लागत नाही; घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागले की गुरे सोडायची, हेही त्यांना ठाऊक असते. संदेशात भरतीची वेळ, वाड्याचे (वस्तीचे) नाव, ती पायरी आणि जायचे ठिकाण घालायला कितीसा वेळ लागेल?

'आपदा मित्र' या सरकारी योजनेत स्वयंसेवकांना आपत्तीत मदत करण्याचे प्रशिक्षण दिले जाते. इशारा येताच पहिले पोते उचलणारा असा एक माणूस प्रत्येक वाड्यात आणि बाजाराच्या प्रत्येक रांगेत नेमावा, आणि तो कोण हे मृगाआधी दुकानादुकानांत कळवावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, साखळी